पेटीवर खापर

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात दुसऱ्या रात्री काय घडले, ते आपणांपैकी बहुतेकांनी पाहिले आहे. गाणे ऐन रंगात आले असताना गाणारा आमचा मित्र कोणी ढकलावे तसा माइकपासून मागे सरला. गिटार गळ्यात लोंबकळत राहिली. प्रेक्षकांत आधी हशा पिकला आणि मग एकदम शांतता पसरली. त्याच्या ओठाला विजेचा झटका बसला होता. सुदैवाने थोडक्यात निभावले. पण सकाळी कट्ट्यावर, कँटीनमध्ये आणि (लिहिताना संकोच वाटतो) प्राध्यापकांच्या खोलीतही एकच निकाल ऐकू आला: "ती डिजिटल पेटी आणली ना, तिच्यामुळेच झाले. यंदा गिटारच नको."

आरोपीचे वकीलपत्र घ्यायला कोणीच पुढे येईना, म्हणून हा लेख. पेटी माझी नव्हे, मित्राची. पण तारा जोडणाऱ्यांत मी होतो, म्हणजे गुन्ह्यात माझाही वाटा आहे, हे आधीच कबूल करतो.

ही पेटी म्हणजे काय, हे ज्यांनी ती नुसती लांबून पाहिली त्यांच्यासाठी थोडे सांगतो. आपल्याकडे तिला 'प्रोसेसर' म्हणतात. विजेच्या गिटारचा स्वतःचा आवाज म्हणजे जवळजवळ काहीच नाही. तारेखाली लोहचुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. तार हलली की वेटोळ्यात क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. जुन्या व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरला तो पेलेनासा झाला की फाटायचा, आणि ते फाटणेच लोकांना इतके गोड वाटले की पुढे त्यालाच गिटारचा आवाज म्हणू लागले. व्हॉल्व्ह कसा फाटतो, स्पीकर काय गाळतो, खोली कशी घुमते, हे सारे गणिताने करून दाखवणारी पेटी म्हणजे प्रोसेसर. लाइन सिक्स या अमेरिकन कंपनीची लाल रंगाची 'पॉड' १९९८ साली निघाली आणि ही कल्पना घरोघर गेली. २०११ साली केम्पर या जर्मन कंपनीची पेटी आली, ती तर समोरच्या ॲम्प्लिफायरचा जणू ठसाच उतरवून घेते. आज वहीएवढ्या पेटीत पन्नास ॲम्प्लिफायर मावतात.

आता त्या दोन दिवसांची हकीकत.

पहिल्या दिवशी पेटीला मागे दोन जॅक आहेत असे पाहून आम्हाला फार आनंद झाला. एक तार रंगमंचावरच्या गिटार ॲम्प्लिफायरला जोडली, दुसरी मांडवाच्या त्या टोकाला साउंडवाल्याच्या मिक्सरला. रंगमंचावर आवाज आला तो गोधडीत गुंडाळल्यासारखा. पेटीत एक सेटिंग असते: पुढे गिटारचा ॲम्प्लिफायर आहे की साधा साउंड. गिटारचा बारा इंची स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचे फारसे काही वाजवतच नाही. तो कर्कश भाग गाळून टाकतो. पेटी थेट मिक्सरला जोडायची तर हे गाळण्याचे काम पेटीतल्या नकली स्पीकरने करावे लागते. आणि खराच गिटार ॲम्प्लिफायर पुढे असेल तर नकली स्पीकर बंद ठेवायचा, नाही तर आवाज दोनदा गाळला जाऊन मातेरे होते. आम्ही तो बंद केला, तर मंच सुधारला आणि मांडवात मोठ्या कर्ण्यांतून गांधीलमाश्यांचे पोळे उठले. दोन जॅकना मिळून सेटिंग एकच होते. एकाच पेटीला एकाच वेळी दोन वेगळ्या पाहुण्यांकडे पाठवायचे आणि दोघांना एकच वाढायचे, असा तो प्रकार. हे पुस्तिकेत छापलेले होते. पुस्तिका खोक्यात होती. खोके घरी होते.

त्याच वेळी दुसरे दुखणे सुरू झाले: अखंड 'घूंऽऽ'. याचे कारण पेटी नव्हतीच. मंचावरचा ॲम्प्लिफायर एका सॉकेटवर, मिक्सर शंभर फुटांवरच्या दुसऱ्या सॉकेटवर. दोघांना आपापले अर्थिंग, आणि मधून पेटीच्या तारांनी दोघांचे हात जोडलेले. दोन ठिकाणच्या अर्थिंगमध्ये थोडासा जरी फरक असला, तरी त्या वेटोळ्यातून पन्नास हर्ट्झचा प्रवाह फिरू लागतो आणि कर्णे तो इमानाने ऐकवतात. यावर उपाय आहे. डी. आय. बॉक्स नावाची मुठीएवढी डबी मध्ये घालायची. ज्या डबीत ट्रान्सफॉर्मर असतो, तिच्यातून सूर पलीकडे जातो. पण अर्थिंगची जोडणी तोडण्याचा खटका दाबला की वेटोळे तुटते. आमच्याकडे डबी नव्हती. पण मदतीला धावून आलेला वायरमन होता. त्याने मिक्सरच्या एक्स्टेन्शन बोर्डाची तिसरी, जाड पिन पकडीने मोडली आणि म्हणाला, "काही होत नाही भाऊ, ती नावालाच असते." घूं बंद झाली. आम्ही टाळ्या वाजवल्या! त्या टाळ्या आठवल्या की आज अंगावर काटा येतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही शहाणपणा केला. दोन ठिकाणी दोन आवाज नकोत म्हणून मिक्सरकडे जाणारी तार काढून टाकली आणि ॲम्प्लिफायरपुढे माइक ठेवला. आवाज खरोखरच छान झाला. पण कालपर्यंत त्या तारेच्या जाळीतून का होईना, मिक्सरला ॲम्प्लिफायरचे अर्थिंग मिळत होते. आता त्याला पृथ्वीशी जोडणारे काहीच उरले नाही. जुन्या यंत्रात वीज थोडी पाझरत असणार. ती मिक्सरच्या पत्र्यावर आणि तिथून माइकच्या जाळीवर येऊन बसली. इकडे गिटारच्या तारा ॲम्प्लिफायरमार्गे पक्क्या पृथ्वीशी जोडलेल्या. (गिटारच्या तारांना हात लावला की गुणगुण कमी होते, हे प्रत्येक गिटारवाल्याने अनुभवलेले असते. त्याचे कारण हेच.) हात तारांवर, ओठ माइकवर, आणि मध्ये आमचा मित्र. रात्री दहिवर पडलेले, सतरंजी ओलसर. यात पेटीने काय केले?

हे काही आपल्याच मांडवात घडते असे नाही. १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सी येथे 'स्टोन द क्रोज' या वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस हार्वे भर मंचावर अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून मरण पावला. तेव्हा डिजिटल पेटी जन्मालाही आली नव्हती.

माझे म्हणणे एवढेच की ही पेटी नवी असली तरी तिची बहुतेक दुखणी जुनी आहेत, आणि ती पेटीच्या बाहेर आहेत. गुणगुण आली की लोक पेटीची बटणे फिरवू लागतात. तसे करू नये. आधी गिटारवरचे आवाजाचे बटण शून्यावर आणावे. गुणगुण थांबली तर ती गिटारमधून येते आहे. एकेरी वेटोळ्याची गिटार असेल तर जागच्या जागी थोडे वळून पाहावे, एखाद्या दिशेला ती कमी होते, कारण मांडवातल्या ट्यूबलाइटची आणि ट्रान्सफॉर्मरची कुरकुर ते वेटोळे ऐकत असते. थांबली नाही तर जॅक, मग तार, मग ॲडॉप्टर, असे एकेक पाहावे. 'घूं' वेगळी आणि 'सूंऽऽ' वेगळी. सूं ही बहुधा आपल्या हावेची असते: आवाज फाडण्याचे बटण शेवटपर्यंत पिळायचे आणि मग पेटी फार सुसते म्हणून तक्रार करायची.

ॲडॉप्टरचे तर विचारूच नका. यातल्या बऱ्याच पेट्यांना नऊ व्होल्ट लागतात, आणि त्यांत ऋण टोक पिनेच्या आत, धन बाहेर. बाजारातले किती तरी साधे ॲडॉप्टर नेमके उलटे. पिन बसते, म्हणून चालेल असे समजून लावला की पेटी कायमची मुकी होण्याचा संभव असतो. शिवाय आपल्याकडच्या दाबाची तऱ्हा. गावाच्या टोकाला मांडव, त्यावर हजार दिव्यांची माळ. दाब उतरला की जुना, वजनदार, ट्रान्सफॉर्मरचा ॲडॉप्टर नऊचे सात देतो आणि पेटी गाण्याच्या मध्येच विझून पुन्हा पहिल्यापासून जागी होते. शंभर ते दोनशे चाळीस व्होल्ट लिहिलेला हलका ॲडॉप्टर असला तर ती तग धरते. दोन्हींच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक नाही. फरक पाठीवर काय छापले आहे ते वाचण्याचा आहे.

आमच्या एका सरांचा आक्षेप मात्र वेगळा आहे, आणि तो मी हसण्यावारी नेत नाही. ते म्हणतात, हा आवाजच खोटा. नसलेल्या ॲम्प्लिफायरचा, नसलेल्या खोलीतला. सरांना मी नम्रपणे दुसऱ्या एका पेटीची आठवण करून देतो. हार्मोनियमलाही आपण पेटीच म्हणतो. तीही परदेशातून आली, तिच्यावरही खोट्या सुरांचा आरोप झाला, आणि १९४० साली आकाशवाणीने तिला दाराबाहेर काढले. ती बंदी अंशतः उठायला १९७१ साल उजाडावे लागले. आरोप अगदी खोटा नव्हता. तिच्यात मींड येत नाही ती नाहीच. पण भजनी मंडळांनी आणि नाटक कंपन्यांनी निकालाची वाट पाहिली नाही. ज्यांचा हात तयार होता त्यांनी पेटीतून काढता येते ते काढले. 'पेटीतून सूर उशिरा येतो' असेही काही वादक सांगतात. येतो, चांगल्या पेटीत काही सहस्रांश सेकंद. पण आवाजाला हवेतून एक मीटर जायलाच जवळजवळ तीन सहस्रांश सेकंद लागतात. तबलजीपासून दोन पावले दूर बसलेला गायक यापेक्षा जास्त उशीर रोज सोसतो.

आणि खऱ्या ॲम्प्लिफायरचा आग्रह कोणी धरावा? आपले दोन जिल्हे आठवा. चंद्रपूरहून निघालेल्या एस. टी.च्या टपावर वीस-पंचवीस किलोचा व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर चढवायचा, सिरोंच्याला उतरवायचा, आणि वाटेत व्हॉल्व्ह फुटला तर तो मागवायचा कुठून? पेटी शबनममध्ये मावते. वडशाच्या नाटक कंपन्यांकडे पाहा. दिवाळीनंतर झाडीपट्टीचा हंगाम सुरू झाला की आज या गावी तर उद्या त्या गावी, रात्री पडदा वर आणि पहाटे खाली. या रंगभूमीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आपण सर्वांनी अभिमानाने छाती फुगवली. पण त्या मांडवात मंचासमोर बसणाऱ्या ऑर्गनवाल्याकडे आपण कधी नीट पाहिले आहे काय? त्याचा ऑर्गनही आता विजेचाच. त्याला मात्र कोणी खोटा म्हणत नाही, कारण प्रसंग कोणता, नट कुठे थांबणार, कुठला सूर कधी सोडायचा, हे त्याच्या कानात असते. यंत्राला आपल्या कानाच्या हुकमात ठेवणे म्हणजे काय, ते तिथे शिकावे.

आम्ही गिटारवाले मात्र उलटे करतो. पेटीत कारखान्यातून भरून आलेले 'पॅच' असतात. त्यांतला सर्वांत भपकेबाज निवडतो आणि तोच प्रत्येक गाण्याला वाजवतो, भावगीतालाही. ते पॅच एखाद्याने शांत खोलीत बसून पाहताक्षणी गिऱ्हाईक भुलावे म्हणून केलेले असतात. त्यांतला घुमारा पत्र्याच्या छपराखाली, मुळातच घुमणाऱ्या आपल्या सभागृहात ओतला की सुराचा चिखल होतो. घरी रात्री हळू आवाजात बसवलेला पॅचही दगा देतो, आणि याला शास्त्र आहे. फ्लेचर आणि मन्सन या दोन संशोधकांनी १९३३ साली दाखवून दिले की हळू आवाजात कानाला खर्ज आणि टीप कमी ऐकू येतात. म्हणून आपण घरी दोन्ही वाढवून ठेवतो. मग मांडवात तोच आवाज दहापट मोठा झाला की खर्ज छातीवर बसतो, टीप कानात टोचते आणि मधला, गाण्याला लागणारा सूर हरवतो. पॅच बसवायचा तो जिथे वाजवायचे तिथे, त्याच कर्ण्यांवर, तेवढ्याच मोठ्या आवाजात. दुसरी वाट नाही.

त्यासाठी सभागृह आदल्या दिवशी उघडे मिळावे लागते. आजवर आम्हाला ते उद्घाटनाच्या अर्धा तास आधी मिळत आले, आणि त्या अर्ध्या तासात हार, समई व पाहुण्यांच्या खुर्च्या यांचाच मान पहिला असतो. संमेलनाच्या अंदाजपत्रकात कमानीला रक्कम असते. अर्थिंग तपासायला नसते. तीस मिलिअँपिअर पाझरताच वीज तोडणारा आर. सी. सी. बी.चा खटका सभागृहाच्या बोर्डात अजून बसलेला नाही. कमान एक हात लहान केली असती तर तो बसला असता, असे माझे मत आहे. कमानवाल्या मित्रांनी राग मानू नये.

ती मोडलेली पिन बदलून घेतली आहे. नवा प्लग मी स्वतः बसवला आणि विज्ञान शाखेच्या एका मित्राकडून तपासून घेतला. दोन डी. आय. बॉक्स, एक खटका, आणि आदल्या संध्याकाळी सहा ते नऊ सभागृहाची किल्ली, असा अर्ज आम्ही सहाजणांनी सांस्कृतिक समितीकडे दिला आहे. झटका बसलेल्या मित्राची सही त्यावर पहिली आहे. यंदाही तोच गाणार आहे.