शपथ कोण कोणाला देतं?

टीव्हीवर शपथविधी लागला की घरातली पोरं हमखास विचारतात, 'आई, हा आता राजा झाला का?' त्यांचं तरी काय चुकतं? इतिहासाच्या पुस्तकात ती राज्याभिषेकच वाचतात. म्हणून मैत्रिणींनो, अशा वेळी गॅस बारीक करून त्यांना नीट सांगायला हवं.

काशीमीऱ्यात आमच्या भागातल्या मुलांचा मी अभ्यास घेते. ९ जून २०२४ च्या शपथविधीनंतर तिथे हाच विषय निघाला. पंतप्रधान कोण, हे लोकसभेतल्या बहुमतावर ठरतं. ५४३ पैकी निदान २७२ जण पाठीशी लागतात. पण शपथ दिली राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी. 'मग त्यांना कोणी दिली?' सरन्यायाधीशांनी, २५ जुलै २०२२ ला, संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये. 'आणि सरन्यायाधीशांना?' राष्ट्रपतींनी! मुलं खो खो हसली. हसू देत. इथे स्वतःच स्वतःच्या डोक्यावर मुकुट चढवायची सोय नाही, एवढं त्यांना कळलं तरी पुष्कळ झालं.

मला स्वतःला खुर्च्यांचा प्रसंग फार आवडतो. मावळते आणि नवे राष्ट्रपती एकत्रच हॉलमध्ये येतात, शेजारी बसतात. शपथ झाली की दोघं आपापल्या खुर्च्या बदलतात. बाहेर २१ तोफांची सलामी होते. आत ना रुसवा, ना ओढाताण. रिक्षात कडेच्या जागेवरून भांडणाऱ्या भावंडांना हे जरूर सांगा!

आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील २५ जुलै २००७ ला डोक्यावर पदर घेऊन देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. त्या १९६२ मध्येच आमदार झाल्या होत्या. मुर्मूंची सुरुवात तर ओडिशातल्या रायरंगपूरच्या नगरसेविका म्हणून, १९९७ मध्ये. म्हणजे वॉर्डातल्या नळ-गटारापासून.

मुलींना मी हे मुद्दाम सांगते, कारण भोवती त्या वेगळंच बघतात. आपल्या राज्यात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांना आहेत. पण कित्येक गावांत बॅनरवर मिस्टरांचा फोटो बाईंपेक्षा मोठा असतो. फोन तेच उचलतात, कामं तेच सांगतात, बाई सहीपुरत्या. आपणही काम असलं की 'साहेब आहेत का?' असंच विचारतो ना?

सहावीतल्या एका मुलीने विचारलं, 'बाई, शपथ नवऱ्याने घेतली तर चालते का?' मी म्हटलं, नाही चालत. शपथ 'मी'ने सुरू होते, पुढे स्वतःचं नाव घ्यावं लागतं, आणि बोलायचं आपणच.

ती जरा थांबली. म्हणाली, 'मग नंतर का चालतं?'