शिवगामीचं काय केलंत?

शिवगामीला पडद्यावर आणतो असं जाहीर करणाऱ्या आणि पुढे गप्प बसलेल्या सर्व मंडळींस,



पत्रावर एकाच माणसाचं नाव घालता आलं असतं तर बरं झालं असतं. पण नेमकं कुणाला विचारायचं, हेच आम्हाला चार-पाच वर्षांत कळलेलं नाही. घोषणा झाली तेव्हा नावांची काही कमी नव्हती. २०१८च्या ऑगस्टमध्ये नेटफ्लिक्सने सांगितलं की आनंद नीलकंठन यांच्या 'द राइज ऑफ शिवगामी' या कादंबरीवर 'बाहुबली : बिफोर द बिगिनिंग' नावाची मालिका येणार. अर्का मीडियावर्क्स आणि एस. एस. राजामौली बरोबर होते. दिग्दर्शक देवा कट्टा आणि प्रवीण सत्तारू, दोघंही तेलुगू सिनेमातले. तरुण शिवगामी म्हणून मृणाल ठाकूरचं नाव आलं. धुळ्यात जन्मलेली मुलगी माहिष्मतीची राजमाता होणार म्हटल्यावर इथे हैदराबादच्या मराठी घरांत जरा जास्तच कौतुक झालं. तसं तर हिंदी बाहुबलीचा आवाज शरद केळकरांचा, आणि जुन्या ग्रंथांतली माहिष्मती म्हणजे अहिल्याबाईंचं महेश्वर असं पुष्कळ लोक मानतात. म्हणजे हक्क सांगायचाच तर आम्ही कुठूनही सांगू शकतो!

मग चित्रीकरण झाल्याचं ऐकलं. मग ते पसंत पडलं नाही, असं ऐकलं. २०२१ साली कुणाल देशमुख आणि रिभू दासगुप्ता हे नवे दिग्दर्शक, वामिका गब्बी ही नवी शिवगामी, सगळं पुन्हा पहिल्यापासून, असं वाचलं. आणि २०२२च्या जानेवारीत वाचलं की तेही गुंडाळलं. हे सगळं आम्हाला कळलं ते 'सूत्रांच्या' हवाल्याने. मुहूर्ताला नावं आणि समाप्तीला सूत्रं, हा कुठला रिवाज?

राग मालिका रद्द झाल्याचा आहे असं समजून हे पत्र बाजूला ठेवू नका. धंद्यात गोष्टी रद्द होतात. आम्ही ज्या शहरात राहतो तिथे अर्धवट राहिलेल्या सिनेमांच्या कथा चहाबरोबर फुकट मिळतात. दुखणं वेगळं आहे, आणि ते समजायला तुम्हाला ते पुस्तक आमच्यासारखं वाचलेलं असायला हवं.

२०१५ साली पहिला भाग संपला तेव्हा तुम्ही देशाला एकच प्रश्न दिलात: कटप्पाने बाहुबलीला का मारलं? जवळजवळ दोन वर्षं लोक तो एकमेकांना विचारत होते. लग्नात, लोकलमध्ये, शाळेच्या स्नेहसंमेलनात. २८ एप्रिल २०१७ला उत्तर मिळालं. आरटीसी क्रॉस रोड्सच्या थिएटरांबाहेर त्या दिवसांत काय वातावरण होतं हे तुम्हाला सांगायला नको, ते तुम्हीच घडवलं होतंत. पण त्याच्या आधी, मार्चमध्ये, नीलकंठन यांचं पुस्तक आलं होतं, आणि त्यात त्याहून मोठा प्रश्न होता. आम्ही पुस्तकवाले तोच घेऊन बसलो होतो.

सिनेमातली शिवगामी कशी आहे? बुडता बुडता पाण्याबाहेर हात काढून बाळ वर धरणारी. जिचा शब्द हेच शासन, अशी. रम्या कृष्णनने नुसतं डोळ्यांनी सिंहासन चालवलं. आणि पुस्तकातली शिवगामी? तिचा बाप, देवराय, राजद्रोही ठरवून मारला गेलेला. ज्या घरात तिला माया मिळाली त्या घरातूनही तिला उचलून अनाथाश्रमात टाकलेलं. आणि तिने मनाशी धरलेला एकच हेतू: बापाचं नाव धुऊन काढायचं आणि माहिष्मतीचं हे साम्राज्य धुळीला मिळवायचं. आता सांगा, जी पोर साम्राज्य जाळायला निघाली होती, ती त्याच साम्राज्याची सर्वांत कडक राखणदार कशी झाली? नुसती राखणदारही नाही. सिंहासनाच्या शिस्तीपायी ती स्वतःच्या हाताने वाढवलेल्या मुलाचा मृत्युदंड फर्मावते. कटप्पाने तलवार चालवली, हुकूम तिचा होता. खरा 'का' तिच्यापाशी होता आणि तुम्ही तो दाखवणार होतात. चौकटीत बसवलेले पन्नास हत्ती आम्ही मागत नव्हतो. एका बाईचं मन उलटं कसं फिरतं ते पाहायचं होतं, आणि त्यासाठी तीन तासांचा सिनेमा पुरत नाही, मालिकाच लागते. म्हणून तर तुमची घोषणा इतकी पटली होती.

दुसरी गोष्ट कटप्पाची. सिनेमात त्याची गुलामी हा जवळजवळ अलंकार आहे. शपथ दिली, पूर्वजांनी दिली, संपलं, टाळ्या. पुस्तकात त्याला एक धाकटा भाऊ आहे, शिवप्पा. त्याला ही शपथ मान्य नाही. त्याला मोकळं व्हायचं आहे, त्याचं कामाक्षीवर प्रेम आहे, आणि थोरल्याची निष्ठा त्याला लाचारी वाटते. दोघंही आपापल्या जागी खरे. मला त्या मालिकेतलं एकच दृश्य पाहायला मिळणार असतं, तर मी लढाई मागितली नसती, या दोन भावांचं भांडण मागितलं असतं. आणि गौरीपर्वतातल्या त्या मौल्यवान खड्यांची गोष्ट: राज्याचं सगळं वैभव कशावर उभं आहे आणि त्यासाठी खाली कुणाची पोरं राबताहेत. दोन्ही सिनेमे माहिष्मती वरून दाखवतात. पुस्तक तिला खालून दाखवतं.

'फॅन लोकांचं समाधान कधी होतच नाही' असं तुमच्या धंद्यात म्हणतात. साफ खोटं. आम्ही कुरकुरतो हे खरं. २०१७ सालीच मराठीत 'फास्टर फेणे' आला. भा. रा. भागवतांचा बन्या एकदम आजच्या पुण्यात मोठा होऊन फिरायला लागला. जुने वाचक थोडे खट्टू झाले. दूरदर्शनवरचा सुमीत राघवनचा फेणे आठवून उसासेही टाकले. पण अमेय वाघ 'ट्टॉक' म्हणाला आणि दिलीप प्रभावळकर भागवत होऊन समोर आले, तेव्हा त्याच वाचकांच्या डोळ्यांत पाणी होतं. तमिळ लोकांचं बघा. कल्कींची 'पोन्नियिन सेल्वन' १९५० ते १९५४ या काळात आठवड्या-आठवड्याने छापून आली. एम. जी. रामचंद्रन यांनी १९५८मध्ये सिनेमासाठी हक्क घेतले, ते तसेच राहिले. शेवटी मणिरत्नम यांनी दोन भागांत केला, २०२२ आणि २०२३ मध्ये, त्यातलं बरंचसं चित्रीकरण आमच्याच रामोजी फिल्म सिटीत. आजोबांनी वाचलेलं नातवाने पाहिलं. किती गाळलं, किती बदललं यावर घरोघरी वाद झाले असतील. पण वाद घालायला काहीतरी मिळालं होतं ना! आम्हाला नावं ठेवायचाही हक्क मिळाला नाही.

कदाचित तुम्ही म्हणाल, जे जमलं ते दाखवण्याच्या लायकीचं नव्हतं. असेल. लाज वाटावी असं काम झाकून ठेवण्यात प्रामाणिकपणा असू शकतो, हे मी मानायला तयार आहे. खर्चाचे आकडेच एकमेकांशी जुळत नाहीत. रद्द झाल्याच्या बातम्यांत दीडशे कोटी होते, तर त्यात काम केलेले बिजय आनंद यांनी नंतर एका मुलाखतीत ऐंशी कोटी सांगितले, हैदराबादेत दोन वर्षं चाललेल्या चित्रीकरणाचे. खरा आकडा कोणता का असेना, दोन वर्षं म्हणजे दोन वर्षं. त्यात शिंप्यांची आली, सुतारांची आली, घोडेवाल्यांची आली, रोज पहाटे मेकअपला बसणाऱ्या दुय्यम नटांची आली. नट मुलाखतीत बोलून मन हलकं करू शकतो. बाकीच्यांना तुम्ही काय सांगितलंत?

मला राहून राहून पैठण आठवतं. आता या गोष्टीचा इथे काय संबंध म्हणू नका, संबंध आहे. तुमच्या शिवगामीच्या हाती बापाच्या मागे राहिलेलं एक हस्तलिखित लागतं, ते पैशाची भाषेत असतं आणि तिला वाचता येत नाही. पुस्तक उघडून तिथवर आले तेव्हा मी थांबलेच. पैशाची म्हटलं की आमच्या बाजूच्या माणसाला गुणाढ्यच आठवणार. प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्या, सातवाहन राजाच्या दरबारातला हा पंडित. सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त त्याची हकीकत आहे. त्याने सात लाख श्लोकांची बृहत्कथा पैशाचीत लिहिली, शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने लिहिली. राजाने ती नाकारली. तेव्हा गुणाढ्याने टेकडीवर अग्निकुंड पेटवलं आणि एकेक पान मोठ्याने वाचून त्यात टाकू लागला. ऐकायला फक्त जनावरं. ती चरणं सोडून भोवती बसली, रडू लागली. इकडे राजाच्या पानात पडणारं मांस सुकं लागायला लागलं, तेव्हा चौकशी झाली, पारध्यांनी कारण सांगितलं, आणि राजा धावत टेकडीवर आला. तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते. एक लाख वाचले.

या हकिकतीतला राजा मला पूर्वी अरसिक वाटायचा. आता त्याच्याबद्दल जरा आदर वाटू लागलाय. त्याने नाकारली ती उघड नाकारली, आणि चूक कळल्यावर स्वतः चालत गेला. आणि गुणाढ्याने जाळायच्या आधी प्रत्येक पान निदान एकदा वाचून दाखवलं. तुमच्याकडे हरणांनाही बोलावणं नव्हतं.

त्या जानेवारीनंतर लगेच दुसरा दणका बसला. १ फेब्रुवारी २०२२ला कळलं की ही पुस्तकं काढणारी वेस्टलँड ही प्रकाशनसंस्था तिची मालक कंपनी अ‍ॅमेझॉन बंद करतेय. हा दोष तुमचा नाही, तेवढं मला कळतं. (पुढे ती संस्था दुसऱ्यांच्या मदतीने पुन्हा उभी राहिली, देवाची कृपा.) पण आमच्या बाजूने बघा. एका महिन्यात मालिका गेली, पुढच्या महिन्यात पुस्तकंही मिळेनाशी होतील अशी धास्ती. 'चतुरंग' आणि 'क्वीन ऑफ महिष्मती' हे पुढचे भाग ज्यांनी 'मालिका आल्यावर घेऊ' म्हणून ठेवले होते, ते कोठीपासून अबिड्सच्या रविवारच्या फुटपाथपर्यंत शोधत हिंडले. मीही त्यांतलीच.

नांदेड-लातूरकडचे पाहुणे आले की रामोजी फिल्म सिटी दाखवावीच लागते. चारमिनार राहिला तरी चालतो, माहिष्मती राहता कामा नये. त्या सेटवर पोरं भल्लालदेवासारखी छाती काढून फोटो काढतात. दगडी वाटणारं सगळं हाताला हलकं लागतं, पण त्याने कुणाचा हिरमोड होत नाही. आपण सिनेमाच्या गावी आलोय हे त्यांना ठाऊक असतं. मागच्या खेपेला भाच्याने विचारलं, "मावशी, शिवगामी लहान होती तेव्हा इथेच राहायची का गं?" त्याला मी काय सांगणार होते? म्हटलं, ती गोष्ट अजून यायची आहे. पोरगं विश्वास ठेवून पुढच्या फोटोला पळालं.

अशी गोष्ट दडपणारे जगात तुम्ही एकटे नाही, हेही मान्य. २०२२च्या ऑगस्टमध्ये हॉलिवूडच्या वॉर्नर ब्रदर्सने जवळजवळ पूर्ण झालेला 'बॅटगर्ल' पेटीत टाकला. पण तिथे स्टुडिओने आपल्या नावानिशी सांगितलं, दिग्दर्शकांनी दुःख बोलून दाखवलं, नटीने प्रेक्षकांचे आभार मानले. रीतसर सुतक तरी पाळलं गेलं.

आणि माहिष्मतीचं दुकान काही बंद झालेलं नाही. २०२४मध्ये 'क्राउन ऑफ ब्लड' ही अ‍ॅनिमेशन मालिका आली. ३१ ऑक्टोबर २०२५ला दोन्ही सिनेमे जोडून 'बाहुबली : द एपिक' म्हणून पुन्हा थिएटरात लावलात. आम्ही गेलो. हो, जाणारच होतो. ही सगळी गडबड चालू असताना शिवगामीचं नाव कुणी काढेल म्हणून मी डोळ्यांत तेल घालून बातम्या वाचत होते. जुना माल पुन्हा मांडताना तुम्हाला आमची आठवण येते. चित्रफिती कपाटात गेल्या तेव्हा का आली नाही?

तर मागणं असं. चित्रीकरणातलं जे दाखवण्याजोगं असेल ते दाखवा. तासाभराचं असलं, कच्चं असलं, रंग न भरलेलं असलं तरी चालेल, मागचा हिरवा पडदा दिसला तरी आम्ही डोळे मिटणार नाही. तेही कायद्याने अडत असेल तर पटकथा छापा. दोन वेळा लिहिली असणार, दोन्ही छापा. आम्ही वाचणारे लोक आहोत, पडदा नसला तरी भागवून घेऊ. आणि यातलं काहीच जमत नसेल तर चार ओळींचं निवेदन काढा: मालिका बंद केली, या कारणाने केली, खाली नावं. तेलुगूत काढलंत तरी चालेल, हिंदीत काढलंत तरी चालेल. इथल्या आम्हा मराठी मंडळींना दोन्ही येतात.

कळावे,
शिवगामीची एक वाचक
काचीगुडा, हैदराबाद