कर माफ, मग प्रश्नही माफ?

महापालिकेची निवडणूक जवळ आली की उमेदवार दारी येतात आणि बोलण्याची सुरुवात बहुधा सवलतीने होते. घरपट्टी कमी करू, पाणी फुकट देऊ, थकबाकीवरचा दंड माफ करू. ऐकायला कोणाला आवडणार नाही? पण हैदराबादेत पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या आपल्या कुटुंबांनी अशा वेळी दोन क्षण थांबून विचार करावा, असे आम्हांस वाटते.

मागच्या दोन निवडणुका आठवून पाहा. 2016 च्या निवडणुकीच्या सुमारास ज्या घरांचा वार्षिक कर 1200 रुपयांपर्यंत होता, त्यांचा कर 101 रुपयांवर आणण्यात आला. 14 नोव्हेंबर 2020 रोजी, ऐन दिवाळीत, 15 हजारांपर्यंत घरपट्टी भरणाऱ्यांना त्या वर्षी निम्मी सूट जाहीर झाली आणि तीनच दिवसांनी निवडणुकीची घोषणा झाली. पाठोपाठ जाहीरनाम्यात दरमहा 20 हजार लिटर मोफत पाण्याचे वचन आले. विरोधकही आश्वासनांत मागे नव्हते. उरलेली जागा सर्जिकल स्ट्राइक आणि शहराचे नाव बदलण्याच्या भाषणांनी व्यापली. ऑक्टोबरच्या पुरात बुडालेल्या वस्त्यांतील नाले रुंद कधी होणार, याचे उत्तर मात्र कोणी तारखेनिशी दिले नाही. ऑगस्ट 2000 च्या पुरानंतर किर्लोस्कर कन्सल्टंट्सचा नाल्यांविषयीचा अहवाल 2003 सालीच आला होता.

या शहरात वेगळे बोलणारा एक उमेदवारही होऊन गेला. लोकसत्ता पक्षाचे डॉ. जयप्रकाश नारायण 2009 साली कुकटपल्लीतून आमदार झाले. आपण भरलेला कर आणि मिळणारी सेवा, आपले मत आणि त्यातून साधणारे लोकहित, अधिकार आणि उत्तरदायित्व, या तीन जोड्यांमधला धागा तुटला आहे, हे त्यांचे मुख्य म्हणणे. हा धागा जोडायचा तर सत्ता आणि पैसा वॉर्डापर्यंत आला पाहिजे, असा त्यांचा आग्रह. त्यांच्या सगळ्या मतांशी आम्ही सहमत आहोत असे नाही आणि 2014 साली मलकाजगिरीत ते लोकसभेला हरले. पण मुद्दा हरला असे आम्ही मानत नाही.

आपल्याला तो पटण्यास अडचण नसावी. इसामिया बाजारचे मराठी ग्रंथसंग्रहालय असो वा एखादे गणेशोत्सव मंडळ, वर्गणी भरणारा सभासद वार्षिक सभेत उभा राहून हिशेब विचारतो. ज्याने वर्गणी भरलेली नाही तो मागे बसून प्रसाद घेतो आणि गप्प राहतो. शहराचेही तसेच आहे. कर ही आपली वर्गणी. ती माफ करणारा पुढारी नकळत आपला प्रश्न विचारण्याचा हक्कही काढून घेतो.

एक छोटे उदाहरण. घरपट्टीसोबत 8 टक्के ग्रंथालय उपकर आपण भरतो. मूळ कर 10 हजार असेल तर त्यात 800 रुपये वाचनालयांसाठी. आपल्या वस्तीतील सरकारी वाचनालयाला या पैशातून काय मिळाले, हे आपल्यापैकी किती जणांनी कधी विचारले?

लहान घरात राहणाऱ्या वृद्धांना किंवा हातावर पोट असणाऱ्यांना सूट मिळू नये, असे आमचे म्हणणे नाही. सूट जरूर मिळावी. पण तूट कोण भरणार हेही त्याच सभेत सांगावे. फेब्रुवारी 2018 मध्ये महापालिकेने 8.9 टक्के व्याजाने 200 कोटींचे रोखे विकले. ते व्याज भरायला पैसा शेवटी नागरिकांकडूनच यायचा.

दुसरे, जे हाती नाही त्याचे वचन ओळखावे. पाणी आणि मलनिस्सारण 1989 पासून जलमंडळाकडे आहे. आयुक्त राज्य सरकार नेमते. मग नगरसेवकाच्या हाती उरते काय? अंदाजपत्रकावर बोलणे, वॉर्डातील कामांवर लक्ष ठेवणे आणि अधिकाऱ्याला जाब विचारणे. हे काम कमी मोलाचे नाही. 1991 ते 2002 या काळात शहरात निवडलेली सभाच नव्हती. कर चालू होता, विचारायला माणूस नव्हता.

म्हणून काचीगुडा, बडी चावडी, सुलतान बाजार, बरकतपुरा, शालीबंडा येथील आपल्या कुटुंबांना आमची विनंती आहे. उमेदवार कोणत्याही पक्षाचा असो, त्याला चार प्रश्न विचारा. आपल्या वॉर्डातून किती कर जमा होतो? त्यातला किती इथे खर्च होतो? वॉर्ड समितीची बैठक कधी आणि कोठे भरवाल? सवलत देणार असाल तर कोणते काम कमी कराल?

2016 आणि 2020, दोन्ही वेळा निम्म्याहून कमी मतदारांनी मतदान केले. आपण संख्येने थोडे आहोत ही सबब पुरे झाली. वॉर्डाच्या निवडणुकीत काहीशे मतांनी निकाल फिरतो. सवलत मिळाली तर घ्यावी, हिशेब मात्र सोडू नये आणि मतदानाच्या दिवशी घरी तर मुळीच बसू नये.