आई-आबांना घेऊन हिमालयात जाताना

मागच्या पंधरवड्यात विहारातील कार्यक्रम आटोपल्यावर एक परिचित गृहस्थ आम्हांला बाजूला घेऊन म्हणाले, "तुम्ही म्हाताऱ्या आईवडिलांना हिमालयात चालवून आणलंत म्हणे! आम्हालाही न्यायचंय. खर्च किती येतो?"

आम्ही पडलो कारकून. त्यातून वाणिज्य शाखेचे पदवीधर. खर्चाचा आकडा आमच्या जिभेवर असतो. तरीही आम्ही तो सांगितला नाही. "आधी त्यांना विचारलंत का?" एवढेच म्हणालो. त्यावर ते हसले. "विचारायचं काय त्यात? नेतो म्हटलं की तयार होतील." वाचकहो, नेमकी हीच चूक आम्ही केली होती. म्हणून हा सारा प्रकार आज सविस्तर लिहीत आहोत. इतर कुटुंबांना त्याचा उपयोग व्हावा, एवढाच हेतू.

आमचे आबा एकाहत्तर वर्षांचे. गोदीत छत्तीस वर्षे ओझी उचलून निवृत्त झाले. आई सहासष्ट वर्षांची. चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरचे बिऱ्हाड, पाणी खालून भरायचे. त्या दोघांचा प्रवास म्हणजे गावची जत्रा, कुणाचे लग्न, कुणाची मयत आणि वर्षातून एकदा नागपूर. निव्वळ पाहण्यासाठी, फिरण्यासाठी असे ते कधी घराबाहेर पडलेच नव्हते. आमच्या हाती चार पैसे आल्यावर आम्ही ठरविले की, यांना एकदा बर्फाचे डोंगर दाखवायचे आणि तेही मोटारीच्या खिडकीतून नव्हे, तर पायाखाली वाट घेऊन.

प्रथम प्रश्न आला, कुठे? मित्रांनी लेह सुचविले. तिथले जुने गोम्पा पाहावेत असे आमच्याही मनात होते. परंतु लेह साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. विमानाने तिथे उतरणारा धडधाकट माणूसही पहिले दोन दिवस गपगार पडून राहतो. अडीच हजार मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास कोणालाही होऊ शकतो. डोके दुखते, मळमळते, झोप लागत नाही. तरुणांनाही तो चुकत नाही. पण म्हाताऱ्या माणसाला त्यापूर्वीचा हृदयाचा किंवा छातीचा विकार असला, तर काम अवघड होते. म्हणून आम्ही असे ठिकाण शोधले, जिथे झोपायचे खाली आणि चढायचे ते फक्त दिवसा.

ते ठिकाण म्हणजे हिमाचल प्रदेशातील धरमशाळेच्या वरचे त्रिउंड. मुक्काम मॅक्लिओडगंज येथे, सुमारे दोन हजार मीटरवर. आपल्या महाराष्ट्राचे सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे. म्हणजे मुक्कामाचे गावच कळसूबाईहून उंच! त्रिउंडची धार सुमारे २,८५० मीटरवर. समुद्रकाठी आपल्या छातीत जितका प्राणवायू जातो, त्याच्या सुमारे सत्तर टक्केच तिथे एका श्वासात मिळतो. गळू देवीच्या मंदिरापर्यंत मोटार जाते. तेथून सुमारे सहा किलोमीटरची पायवाट आहे. सकाळी जाऊन संध्याकाळी परत यावे. त्या भागात पाऊस फार. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये हिमाचलात किती दरडी कोसळल्या हे आपण सर्वांनी वाचलेच आहे. म्हणून पावसाळा टाळून ऑक्टोबरची अखेर धरली.

इतके सगळे आम्ही कागदावर उतरविले आणि मग घरी जाहीर केले. आबा म्हणाले, "मला काय धाड भरलीय? गोदीत दोन-दोन मणांचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून चढलोय." आई म्हणाली, "ह्यांना जमंल तेवढं मला जमंल." आम्हांला वाटले, झाले काम!

सराव म्हणून आम्ही त्यांना कान्हेरीच्या लेण्यांत नेऊ लागलो. खडकात खोदलेल्या पायऱ्या, मध्ये बसायला सावली. सरावाला त्याहून चांगली जागा मुंबईत नाही. पहिल्या रविवारी आई दर पंधरा-वीस पायऱ्यांवर थांबे. "जरा बसू द्या बाई," म्हणे. कधी पाण्याची टाकी पाहत उभी राही, कधी खांबावरचे कोरीवकाम. आम्ही मनाशी नोंद केली की आईचा गुडघा काही चालत नाही. दुसऱ्या रविवारीही तेच. तिसऱ्या रविवारी आबा पाण्याची बाटली आणायला मागे राहिले आणि आमची धाकटी मुलगी आजीला घेऊन पुढे गेली. आम्ही वर पाहतो तो काय, आई तरातरा वरच्या लेण्यापाशी पोहोचलेली! एकदाही थांबली नव्हती.

त्या रात्री आमच्या पत्नींनी आईला स्वयंपाकघरात बसवून विचारले, तेव्हा उलगडा झाला. दम आबांना लागत होता. "त्यांनी थांबा म्हटलं असतं तर कमीपणा वाटला असता त्यांना. म्हणून मीच थांबायची. चाळीचा जिना चढतानाबी मी तसंच करते," असे आई म्हणाली. वर्षभर ती तसे करीत होती आणि तिसऱ्या मजल्यावर त्याच घरात राहणाऱ्या आम्हांला पत्ता नव्हता. आम्ही मोर्चाला माणसे जमवतो, वस्तीतल्या चाळीस घरांची गाऱ्हाणी वहीत लिहून घेतो आणि स्वतःच्या बापाचा श्वास आम्हांला ऐकू आला नाही. ही लाज इथे लिहून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. छातीचा आलेख काढला, सोनोग्राफीने हृदय पाहिले. हृदय जागेवर होते. रक्तदाब मात्र भलताच वाढलेला. डॉक्टरांनी गोळ्यांची विचारपूस केली तेव्हा आबा खाली मान घालून म्हणाले, "एक दिवसाआड घेतो. महिन्याचं पाकीट दोन महिने पुरतं." लघवी होण्याची गोळी तर बाहेर जायचे असले की ते घेतच नसत, कारण शौचालय कुठे शोधायचे? डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी गोळीची वेळ बदलून दिली, सहा आठवडे रोज औषध घ्यायला लावले आणि पुन्हा तपासूनच परवानगी दिली. अट एकच घातली. चालताना सबंध वाक्य बोलता आले पाहिजे. वाक्य तुटू लागले की थांबायचे. उंचीवर घ्यायच्या गोळीचे आम्ही विचारले, तर खाली झोपणार असल्याने गरज नाही आणि कोणाचे ऐकून ती परस्पर घ्यायची नाही, असे त्यांनी बजावले.

आता आमच्या गृहस्थांना हवी असलेली व्यवहाराची माहिती.

रेल्वेची ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली. तथापि साठ वर्षांवरील पुरुष व पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रिया यांच्यासाठी खालच्या बाकांचा राखीव हिस्सा आहे. तो एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असले तर मिळतो. म्हणून आई-आबांचे तिकीट आम्ही वेगळे काढले. आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधीच उघडते. ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी. पठाणकोटला उतरून पुढे सुमारे नव्वद किलोमीटर मोटारीने जावे लागते. गाडीत म्हातारी माणसे, विशेषतः बायका, शौचालयाच्या धास्तीने पाणीच पीत नाहीत. त्यांना बाक शौचालयापासून फार दूर नसलेला मिळावा हे पाहावे आणि पाणी मुद्दाम पाजावे.

डोंगरावरच्या गावात लॉज उतारावर बांधलेले असतात. 'खोली तळमजल्यावर' म्हटले तरी रस्त्यापासून चाळीस पायऱ्या खाली उतरावे लागते. आम्ही फोनवर तीन गोष्टी विचारल्या. खोली रस्त्याच्या पातळीला आहे का, बसायचा कमोड आहे का, गरम पाणी पहाटे मिळते का? औषधांचे दोन संच दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवले. आबांनी जन्मभर चपला घातलेल्या. त्यांना बूट महिनाभर आधी घेऊन दिले आणि रोज घालायला लावले. नवा बूट डोंगरावर काढू नये. उतारावर गुडघ्यांना चढापेक्षा अधिक मार बसतो, म्हणून दोघांना रबरी टोपणाच्या काठ्या घेतल्या. स्वेटर एक जाड घेण्यापेक्षा दोन पातळ बरे. सोबत एक स्थानिक माणूस घेतला. मजुरी आधी ठरवली व घासाघीस केली नाही. जन्मभर ओझी वाहिलेल्या आबांनी तर त्या माणसाच्या पाठीवरची पिशवी आधी स्वतः उचलून तोलून पाहिली!

पोहोचल्यावर दोन दिवस चढ नाही. १९६० पासून दलाई लामा या गावी राहतात. त्यांच्या निवासाजवळील मंदिराच्या टेकडीभोवती प्रदक्षिणेची सावलीची वाट आहे. तिबेटी म्हातारी माणसे हातात माळ घेऊन, काठी टेकीत तिथे सावकाश चालत असतात. आमची आई त्यांच्यात मिसळून गेली. भाषा कळत नव्हती. एकमेकींचे गुडघे दाखवून दोघी-तिघी हसत होत्या. डोंगरावरचे चालणे कसे असावे, याचा धडा आम्हांला तिथे मिळाला.

हिशेबशास्त्रात बुडीत रकमेची तरतूद वर्ष संपण्यापूर्वी करतात. आम्ही परत फिरण्याची तरतूद तशीच आधी केली. आदल्या रात्री सगळ्यांना बसवून तीन नियम वाचून दाखविले. पहिला, दुपारी एक वाजता जो जिथे असेल तेथून मागे फिरेल. कारण ऑक्टोबरअखेर तिकडे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. दुसरा, डोके दुखले वा मळमळले तर लगेच खाली उतरायचे. तिसरा, कोणीही 'पुरे' म्हणू शकतो आणि त्याला कोणी 'थोडंच राहिलंय' असे म्हणायचे नाही. सरकारी दवाखाना आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक कागदावर लिहून दिला. पण पायवाटेवर रुग्णवाहिका येत नाही, हेही सांगितले.

सकाळी साडेसातला गळूहून निघालो. बान आणि बुरांशाच्या झाडांतून वाट जाते, एका हाताला खाली सारे कांगडा खोरे. आबांना आम्ही मुद्दाम गोदीच्या गोष्टी विचारीत होतो. ते सांगत होते आणि आम्ही त्यांची वाक्ये मोजत होतो. निम्म्या वाटेवर चहाचे एक दुकान लागले. तिथे आबा बाकावर बसले. चहा संपवला, काठी आडवी ठेवली आणि म्हणाले, "पुरे. माझं इथपर्यंत बरं."

छत्तीस वर्षांच्या गोदीने त्यांना हा शब्द शिकविला नव्हता. आम्ही काही बोललो नाही. आईही सवयीने त्यांच्या शेजारी टेकू लागली. तेव्हा आबा म्हणाले, "तू नको बसू. जा पोरीसंगं. माझ्यापायी लई जिन्यांवर थांबलीस तू."

म्हणजे त्यांना ठाऊक होते!

आई क्षणभर उभी राहिली. मग तिने पदर खोचला, काठी घेतली आणि नात, सून व तो वाटाड्या यांच्याबरोबर चालू लागली. आम्ही आबांजवळ थांबलो. पुढचे तीन-चार तास आबा खाली येणाऱ्या प्रत्येक माणसाला मोडक्या हिंदीत विचारीत होते, "हिरवी साडी, पांढरा बूट, बुढी औरत, दिखी क्या?" शेवटच्या किलोमीटरला बावीस वळणांचा खडा चढ आहे. बाराच्या सुमारास एक पंजाबी तरुण म्हणाला, "अम्माजी तो ऊपर पहुँच गईं." आबांनी त्याला चहा पाजला.

अडीच वाजता आई परत आली. आबांनी विचारले, "काय दिसलं?" ती म्हणाली, "वर हिरवळ हाय, मेंढरं हायती. आपल्याला वाटतं डोंगर संपला. तर त्याच्या म्होरं ह्याहून मोठा, बर्फाचा उभा हाय." मग जरा थांबून म्हणाली, "थंडी लई. तुम्ही नाही आलात तेच बरं केलंत." दोघेही समाधानाने खाली उतरले. उतारावर मात्र तिचा गुडघा खरोखरच दुखला आणि त्या वेळी तिने तो 'दुखतोय' म्हणून सांगितला. आम्हांला ही गोष्ट त्रिउंडच्या उंचीपेक्षा मोठी वाटते. आबा आता गोळी रोज घेतात. चाळीच्या जिन्यावर दुसऱ्या मजल्याला स्वतःच थांबतात.

हे सारे आम्ही त्या गृहस्थांना तेव्हाच थोडक्यात सांगितले होते. परवा ते पुन्हा भेटले. चेहरा थोडा उतरलेला होता. "विचारलं हो आईला," म्हणाले. "ती म्हणते, डोंगर-बिंगर नको. धाकट्या बहिणीला सात वर्षांत भेटले नाही, तिच्याकडे आठ दिवस नेऊन सोड."

"मग?" आम्ही विचारले.

"मग काय, रविवारची एसटी धरलीय," ते म्हणाले. हा प्रवास हिमालयाच्या सहलीपेक्षा कितीतरी स्वस्तात होणार आहे, हे आम्ही कारकुनी धर्माला जागून त्यांना तिथल्या तिथे सांगून टाकले.