यादीतली यादी

पायथॉन शिकणाऱ्या मुलांना मॅट्रिक्ससाठी पहिल्याच दिवशी नमपाय देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. भाची हसते. "मामा, तयार मिळतंय तर हाताने कशाला?" म्हटलं, लिहूनच टाकू.

नुसत्या पायथॉनमध्ये मॅट्रिक्स असा प्रकारच नाही. असते ती लिस्ट, म्हणजे यादी. लिस्टच्या पोटात लिस्ट ठेवायची, आतली प्रत्येक लिस्ट म्हणजे एक आडवी ओळ, झाला मॅट्रिक्स. निदान दिसायला तरी! कारण अशा दोघांची बेरीज करायला जा, आकडे मिळवले जात नाहीत. एकाच्या ओळींखाली दुसऱ्याच्या ओळी चिकटतात. दोनने गुणा, आकड्यांऐवजी ओळीच दुप्पट होतात. आणि आडवी ओळ चटकन हाती लागते, पण उभा रकाना हवा तर प्रत्येक ओळीतून एकेक आकडा वेचत बसायचं.

खरी गंमत पुढेच आहे. (गंमत कसली, घातच तो.) समजा तीन मुलं, तीन विषय, मार्कांचा कोरा तक्ता हवा. कोणी लिहिलं, [[०, ०, ०]] * ३. छापून पाहिलं, नऊ शून्यं, सगळं ठीक. मग पहिल्या मुलाच्या गणितात ७२ भरले, तर तिघांनाही ७२! पायथॉन हूं की चूं करत नाही. त्याने तीन ओळी केलेल्याच नसतात. एकाच खोलीला तीन दारं. कुठूनही शिरा, आत पसारा तोच. वेगळ्या ओळी हव्या तर लूप फिरवून दर वेळी नवी लिस्ट करावी लागते. कोणी तपासलंच नाही, तर तिसरा पोरगा फुकटात पास.

नमपाय वेगवान आहे, कबूल. हजार बाय हजारचे दोन मॅट्रिक्स साध्या तीन लूपनी गुणायचे तर शंभर कोटी गुणाकार होतात. तिथे लिस्ट घेऊन बसणं म्हणजे चमच्याने विहीर उपसणं. पण दोन बाय दोनचा गुणाकार एकदा तरी स्वतः लूप लिहून करावा, कागदावर पडताळावा, मग खुशाल इम्पोर्ट करावं.

कारण ती तीन दारांची खोली नमपायमध्येही आहेच. तिथे तक्त्यातला एक रकाना दुसऱ्या नावाने काढून घ्या आणि त्यातला एखादा आकडा बदला. मूळ तक्त्यातलाही बदललेला दिसेल. तो रकाना वेगळा झालेलाच नसतो.