सिंथेटिक ऑईल घ्यावं का? आधी गाडीची रोजची फेरी सांगा

पिकअप किंवा छोटा टेम्पो घेऊन भाड्याचा धंदा सुरू करणाऱ्यांचा एक प्रश्न हमखास येतो. दुकानदार म्हणतो, "फुल सिंथेटिक टाका, वीस हजार किलोमीटर बघायचं काम नाही." मिस्त्री म्हणतो, "दर पाच हजाराला बदला, इंजिन लोण्यासारखं चालेल." दोघांचाही आपापला धंदा आहे. तुमच्या धंद्याचा हिशोब तुम्हालाच करावा लागेल, कारण गाडीचा हप्ता तुमच्या खात्यातून जातो.

माझं मत आधीच सांगून टाकतो: सिंथेटिक चांगलंच आहे, पण एकच गाडी असलेल्या माणसाने कंपनीच्या मॅन्युअलच्या पुढे एक किलोमीटरही ऑईल ओढू नये.

का ते बघा. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारतो, तोही ऑईलच्या पातळ थरावर तरंगत. एका बाजूला सायलेन्सरकडे जाणारा तापलेला धूर, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा आणि मध्ये हे ऑईल. तेच वंगण आणि तेच थंड करणारं. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला भरलेली गाडी न्यायची, एप्रिल-मेमध्ये बाहेर चाळीसच्या वर पारा आणि आडतीत पोचल्या पोचल्या चावी बंद! टर्बोतलं ऑईल जागच्या जागी भाजतं, त्याचा कोळसा होतो. साधं मिनरल ऑईल इथे लवकर हार मानतं, सिंथेटिक जास्त तग धरतं. पैसे मोजायचे ते या गुणासाठी. (आणि गाडी बंद करण्याआधी एक-दोन मिनिटं आयडलला ठेवा. त्याला एक रुपयाही लागत नाही.)

पण दुकानात सांगतात काय? "थंडीत पटकन स्टार्ट होते." अहो, १५डब्ल्यू ऑईलची थंडीतली चाचणी उणे २० अंशाला होते. आपल्याकडे डिसेंबरात पहाटे शेकोटी पेटते हे खरं, पण उणे वीस? ५डब्ल्यू आणि १५डब्ल्यू यातला तो फरक मराठवाड्यात तुम्हाला जाणवणारच नाही. मॅन्युअलमध्ये १५डब्ल्यू-४० लिहिलं असेल तर तेच घ्या, न लाजता.

डब्यावरचा "सिंथेटिक" शब्दही जरा तपासून वाचा. १९९९ साली अमेरिकेत याच शब्दावरून दोन मोठ्या ऑईल कंपन्यांचा वाद झाला. क्रूडपासूनच, पण खूप खोलवर प्रक्रिया करून बनवलेल्या बेस ऑईललाही सिंथेटिक म्हणता येईल, असा निकाल लागला. म्हणजे दोन "फुल सिंथेटिक" डब्यांत आतला माल वेगळा असू शकतो. म्हणून नाव सोडा, डब्याच्या मागची बारीक अक्षरं बघा. १ एप्रिल २०२० नंतरची बीएस६ डिझेल गाडी असेल आणि तिला डीपीएफ असेल, तर कमी राखेचं ऑईल लागतं, उदाहरणार्थ एपीआय सीके-४. काजळी डीपीएफमध्ये जळून जाते, पण ऑईलची राख जळत नाही, ती साचत राहते. जुन्या गाडीचं ऑईल भारीतलं असलं तरी या गाडीत चालणार नाही. मॅन्युअलमध्ये जो कोड असेल तोच डब्यावर हवा.

आता पैशाचं बोलू. आकडे समजण्यापुरते आहेत, तुम्ही तुमचे टाका. समजा गाडी वर्षाला ६०,००० किलोमीटर चालते आणि ६ लिटर ऑईल बसतं. मिनरल ३५० रुपये लिटर, सिंथेटिक ७००. फिल्टर आणि मजुरी मिळून प्रत्येक वेळी ७००.

मिनरल दर १०,००० ला बदललं तर सहा वेळा, १६,८०० रुपये. सिंथेटिक दर २०,००० ला बदललं तर तीन वेळा, १४,७०० रुपये. वर्षाला वाचले २,१०० आणि वर तीन वेळचा गॅरेजचा खोळंबा. पण सिंथेटिक टाकून भीतीपोटी दहा हजारालाच काढलं तर? २९,४०० रुपये. बरेच जण नेमकं हेच करतात आणि "भारी ऑईल वापरतो" म्हणून खूश असतात.

मग २,१०० साठी धोका घ्यावा का? मॅन्युअलमध्ये २०,००० लिहिलं असेल तर तो धोका नाहीच, बिनधास्त घ्या. नसेल लिहिलं, तर वॉरंटीचा क्लेम अडकू शकतो आणि सोयाबीनच्या सीझनमध्ये टर्बो गेला तर नवीन टर्बोचा खर्च वेगळा, बुडालेलं भाडं वेगळं. दहा गाड्यांचा मालक लॅबमध्ये ऑईल तपासून घेऊन मुदत वाढवू शकतो. त्याची एक गाडी उभी राहिली तरी नऊ चालतात.

शिवाय रोजची फेरी कशी आहे तेही बघा. हायवेला एकसारखी पळणारी गाडी ऑईलला जपते. नांदेडमध्ये मोंढा ते सिडको अशा छोट्या फेऱ्या मारणारी, चालू ठेवून माल उतरवणारी गाडी किलोमीटर कमी दाखवते, पण इंजिनचे तास वाढत असतात. अशा फेऱ्यांत डीपीएफची सफाई अर्धवट राहते आणि जादा सोडलेलं डिझेल ऑईलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑईल वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका, गाडी लगेच दाखवा. पातळ झालेलं ऑईल कितीही महाग असो, ते बदलावंच लागतं. शहरातल्या डिलिव्हरीवाल्याला म्हणूनच माझा सल्ला: कोड बरोबर असलेलं स्वस्त ऑईल घ्या आणि मॅन्युअलमध्ये कठीण वापरासाठी जी कमी मुदत दिली असेल ती पाळा.

धुळीचंही तेच. काढणीच्या दिवसांत शेतरस्त्याने फिरणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर आठवड्याला बघा. आत गेलेली माती सिंथेटिकही पचवत नाही.

खरेदी करताना जीएसटीचं पक्कं बिल घ्या, त्यावर किलोमीटर लिहून फाईलला लावा. वॉरंटीच्या वेळी तेच दाखवावं लागतं. डबा तुमच्यासमोर फोडायला सांगा आणि रिकामा डबा गॅरेजमध्ये सोडू नका. झाकण कापा, लेबल फाडा, मगच भंगारात द्या. नाहीतर त्याच डब्यात दुसरंच ऑईल भरून पुढच्या वेळी तुम्हालाच विकलं जायचं.