छत उघडण्यापूर्वी

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवृत्तात तेरचा उल्लेख ‘तगर’ या नावाने येतो. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या या मोठ्या नगरातून साधे कापड आणि मलमल गाड्यांत भरून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला जात असे. गाडीचा सांगाडा भक्कम असेल तरच माल पोहोचणार, हे तेव्हाच्या व्यापाऱ्यास वेगळे सांगावे लागत नसणार.

त्याच परिसरातील सोलापुरात १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद दोशी यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यातील फियाट मोटारी पुढे कित्येक पेढ्यांसमोर उभ्या राहिल्या. आता नातवाला आजोबांच्या काळची मोटार हवी असते, आणि तीही उघड्या छताची. हौस गैर नाही. मात्र सौद्यापूर्वी तीन गोष्टींचा विचार व्हावा.

पहिली गोष्ट सुरक्षिततेची. बंद मोटारीत छत हा सांगाड्याचाच भाग असतो. ते कापले की सारा भार तळाच्या पत्र्यावर आणि दारांखालच्या पट्ट्यांवर येतो. गाडी मधोमध लवते, दारे नीट बसत नाहीत आणि अपघातात आतल्यांचे रक्षण उणावते. म्हणून मुळातच उघडी घडवलेली मोटार घ्यावी, आणि तिचाही तळ गंजलेला नाही ना, हे रंगाच्या झळाळीआधी पाहावे.

दुसरी कायद्याची. निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला. जुलै २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीस ५० वर्षे उलटलेल्या मोटारीस ‘व्हिंटेज’ म्हणून ‘व्हीए’ मालिकेतील क्रमांक मिळू शकतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षे. मात्र चासी, बाह्य सांगाडा आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. अशी मोटार प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती किंवा इंधन भरणे अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोज दुकानात जाण्यासाठी नव्हे. आरसी बुकातील चासी आणि इंजिन क्रमांक प्रत्यक्ष ताडून पाहिल्याखेरीज बयाणा देऊ नये.

तिसरी घरच्या आचाराची. जुन्या उंची मोटारींची आसने पुष्कळदा चामड्याची असतात. अहिंसा पाळणाऱ्या घरात त्यांवर बसणे अनेकांना रुचणार नाही. येथे बदलास वाव आहे: आसनांना जाड सुती कापड किंवा रेक्झिन, आणि घडीच्या छताला कॅनव्हास. हे बदल सांगाड्याला हात लावत नाहीत. काम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक भागाचे छायाचित्र काढावे आणि उतरवलेल्या सुट्या भागांची यादी ठेवावी; पुढे विक्रीच्या वेळी हीच वही मोटारीची साक्ष देते.

तेरच्या लामतुरे संग्रहालयात प्राचीन मणी आणि मातीच्या मूर्ती आहेत. एखाद्या मूर्तीचा हात तुटलेला असला, तरी कोणी तिला नवा हात चिकटवत नाही. जे जसे उरले, तसे जपले, म्हणून ते तगरची गोष्ट सांगू शकते. आजोबांच्या काळची मोटार घरी आणणाऱ्या नातवाने तेरला एकदा जाऊन यावे, आणि मगच मिस्त्रीला काम सांगावे.